मराठवाड्याच्या उन्हात लाकडी डेक आणि कुंपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम शेतघरांचे लाकडी डेक आणि वावराची, प्लॉटची कुंपणं बांधण्याचं. जालना, परभणी, लातूर, बीड, जिथून बोलावणं येईल तिथं जातो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं तोंडी देतो तशीच आहेत. व्हिडिओ बघून मापं ठरवली असतील, तर आधी प्रश्न २ वाचा आणि मग बाकीचं.

१. डेक म्हणजे नेमकं काय? आमच्या घरापुढं ओटा आहेच की.

ओटा भरीव असतो. डेक म्हणजे जमिनीपासून उचललेला, फळ्या-फळ्यांमध्ये फट ठेवलेला, खालून वारा खेळणारा लाकडी ओटा. फरक संध्याकाळी कळतो. दिवसभर तापलेला सिमेंटचा किंवा शहाबादी फरशीचा ओटा रात्री जेवणं होईपर्यंत उष्णता सोडत राहतो. फळी पातळ, ती सूर्य कलला की तासाभरात निवते. मात्र मे महिन्यात दुपारी बारा ते चार डेकवर बसायचं म्हणत असाल, तर पैसे खर्च करू नका. तिथं झाडाखालची बाजच बरी.

२. आमच्याकडं ४३-४४ डिग्री जातं. एवढ्या उन्हात लाकूड टिकतं का?

टिकतं. आपल्याकडचे जुने माळवदाचे वाडे बघा, ढाळजेतले सागवानी खांब तीन-तीन पिढ्या उभे आहेत. ऊन एकटं लाकडाचं फार वाकडं करत नाही, वरचा थर करडा होतो इतकंच. खरा त्रास फेऱ्याचा आहे. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते आणि दोन महिन्यांत ती ऐंशीवर जाते. लाकूड आधी आकसतं, मग फुगतं. खालची काळी माती नेमकं तेच करते. उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशी भेग, आषाढात तीच माती फुगून वर. म्हणजे वरचं आणि खालचं, दोन्ही हलणारं.

म्हणून आमची सगळी मापं हलण्याची जागा ठेवून असतात. खाली जिथं जिथं फट, ढिला बोल्ट किंवा पाचर सांगितली आहे, ती याच कारणासाठी. त्या वाड्यांतला खांबही मातीत पुरलेला नसायचा. तो दगडी तळखड्यावर उभा असायचा.

३. डेकसाठी कोणतं लाकूड घ्यावं?

परवडलं तर सागवान, तेही गाभ्याचं. सागाच्या फळीला एका कडेला पांढुरका पट्टा असतो. त्या पट्ट्याला वाळवी आणि कूज गाभ्यापेक्षा कितीतरी लवकर लागते. वखारीत फळी उलटीपालटी करून बघा, पांढरा पट्टा रुंद असेल तर सागवानाचा भाव देऊ नका.

बाभूळ हे आपलं घरचं लाकूड. बैलगाडीचं चाक आणि नांगर याच लाकडाचे व्हायचे, म्हणजे मार खायला तयार. पण वाळताना चिरतं आणि पिळतं. ताजी तोडून लगेच फळी मारली तर सहा महिन्यांत डेक होडीसारखा होतो. कापलेली बाभूळ सावलीत, फळ्यांमध्ये काड्या घालून, निदान एक उन्हाळा तरी वाळू द्या. कडुनिंबाला कीड कमी लागते, पण फळी सरळ राहत नाही. आम्ही तो फक्त आखूड तुकड्यांना वापरतो. साल या झाडाचं लाकूड जड आणि मजबूत आहे, खालच्या वाशांना चांगलं. पाइन स्वस्त दिसतो, पण दाबाखाली औषध मुरवलेला नसेल तर उघड्यावर लावू नका. बांबूचं प्रश्न ७ मध्ये.

४. जमीन काळी आहे. डेकचे खांब किती खोल घ्यायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. चुकाही इथंच सगळ्यात जास्त होतात.

आधी मुरूम किती खोल आहे ते बघा. त्यासाठी खोदायची गरज नसते. जवळच्या विहिरीत डोकावा: काळा थर कुठं संपतो आणि पिवळसर मुरूम कुठं सुरू होतो, ते कडेला स्पष्ट दिसतं. मुरूम तीन-चार फुटांवर असेल तर सरळ तिथपर्यंत खड्डा घ्या, तळाला एक-दोन-चारचं (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) काँक्रीट घाला आणि त्यावर पाया उचला. खड्डा खाली रुंद, वर अरुंद हवा. गवंडी बहुतेक वेळा उलटं करतो, कारण खोदताना तोंड आपोआप मोठं होतं. मग काँक्रीट छत्रीसारखं होतं, आणि फुगणारी माती त्या छत्रीला खालून धरून वर उचलते. खड्ड्याच्या बाजूंना वाळू किंवा बारीक मुरूम भरला, तर माती काँक्रीटला चिकटून ओढत नाही.

काळी माती दहा-बारा फूट असेल तर? इमारतींसाठी यावर उत्तर आहे: रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याखाली मातीचा ओलावा ऋतूप्रमाणं फारसा बदलत नाही. पण दोनशे चौरस फुटांच्या डेकला पाइल म्हणजे माशीला तोफ. त्याऐवजी वरची दोनेक फूट काळी माती काढून टाका, मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून चांगला ठोका, आणि त्यावर सुटे काँक्रीटचे ठोकळे ठेवा. प्रत्येक खांबाखाली वर-खाली करता येणारा स्क्रूचा पाया किंवा निदान पाचर घालायची सोय ठेवा. माती हलणारच. वर्षातून दोनदा पाणसळ लावून पाना फिरवायचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणखी एक. डेकच्या बाजूला ठिबकची लाइन किंवा न्हाणीचं पाणी सोडू नका. एक बाजू कायम ओली आणि दुसरी कोरडी राहिली, तर चांगला पायाही तिरपा होतो.

५. दोन फळ्यांत फट किती ठेवायची? सुतार म्हणतो, फट वाईट दिसते.

सुताराला म्हणावं, पोळ्याला येऊन बघ. मी स्वतः पहिल्याच मोठ्या कामात ही चूक केली. जालन्याजवळ एका शेतघराचा डेक मेमध्ये केला. मालकाच्या नातवाचा पाय अडकू नये म्हणून फळ्या अगदी भिडवून मारल्या. ऑगस्टमध्ये फोन आला, ‘डेक बोलायला लागलाय.’ जाऊन बघितलं तर मधल्या चार फळ्या तळलेल्या पापडासारख्या वर आलेल्या, दोन स्क्रूंची डोकी तुटलेली. सगळा डेक उकलून परत बसवला, माझ्या खर्चानं.

चार-पाच इंच रुंदीची सागवानी फळी मे ते ऑगस्ट रुंदीत दोनेक मिलिमीटर हलते. इतर लाकडं याहून जास्त. म्हणून काम कोणत्या महिन्यात चाललंय त्यावर फट ठरवा. मेमध्ये फळी पूर्ण आकसलेली असते, तेव्हा शाळेच्या पेन्सिलीइतकी फट. ऑगस्टमध्ये फळी फुगलेली, तेव्हा चार इंची खिळा जेमतेम जाईल इतकी. लांबीला लाकूड जवळजवळ हलत नाही, तिथं काळजी नको. भिंतीला लागून मात्र अर्धा इंच मोकळा सोडा.

६. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी) घ्यावं का? दुकानदार म्हणतो, मेन्टेनन्सच नाही.

वाळवी लागत नाही आणि दरवर्षी तेल लावावं लागत नाही, हे खरं. पण त्यात प्लास्टिक आहे. गडद रंगाचं डब्ल्यूपीसी मेच्या दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही. घ्यायचंच तर फिकट रंगाचं घ्या आणि घेण्याआधी नमुन्याचा तुकडा दिवसभर उन्हात ठेवून त्यावर पाय ठेवून बघा. हे लाकडाच्या उलट, लांबीला वाढतं. त्यामुळे जोडावर आणि टोकांना कंपनी सांगेल तेवढी फट सोडाच. वाशांमधलं अंतरही लाकडापेक्षा कमी लागतं, नाहीतर तापल्यावर मधे झोळ पडतो.

७. बांबूचं कुंपण दोन वर्षांत का कुजतं?

कारण दोन: चुकीच्या वेळी तोडलेला आणि थेट मातीत रोवलेला. बांबूत पिठूळ अंश असतो, त्यावर भुंगेरे येतात आणि खाली पिवळा भुगा पडायला लागतो. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेल्या बांबूत तो अंश कमी असतो. वय तीन वर्षांच्या पुढचं हवं. कोवळा बांबू कितीही जपला तरी जातो. मानवेल भरीव असल्यामुळे खांबांना चांगला.

जुनी रीत म्हणजे तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा. नवी रीत बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची. पण बोरॅक्सचं औषध पावसात धुऊन जातं. मांडवाच्या छताखाली ते उत्तम. उघड्या कुंपणाला, त्यातून जमिनीत जाणाऱ्या टोकाला, त्याचा उपयोग थोडाच. म्हणून बांबू जमिनीत रोवूच नका. लोखंडी अँगल किंवा सिमेंटचा पोल जमिनीत, आणि बांबू त्याला बांधलेला, मातीपासून चार बोटं वर.

८. वाळवी! काहीतरी सांगा.

सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे: लाकूड मातीला लावू नका. तळखड्याची खुबी हीच. दगडावर ठेवलेल्या खांबापर्यंत जायला वाळवीला दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं, आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर दिसते. दिसली की मोडा. डेकखाली लाकडाचे तुकडे, पालापाचोळा, जुनी पोती साठू देऊ नका, तीच वाळवीची खानावळ.

जळकं ऑइल लावलं तर चालेल का, असं दहातले आठजण विचारतात. थोडा काळ काम करतं, मान्य आहे. पण ते मातीत आणि पुढं विहिरीत उतरतं, अंगाला लागतं, वर कुठला रंग धरू देत नाही. आम्ही वापरत नाही. वाळवीचं औषध मातीत घालायचं असेल तर माहीतगाराकडून, विहीर-बोअरपासून लांब आणि डबीवरच्या प्रमाणातच घाला.

९. वर काय लावायचं: पॉलिश, वॉर्निश की तेल?

पारदर्शक चकचकीत वॉर्निश उघड्यावर लावू नका. ऊन त्यातून आरपार जातं, खालचं लाकूड सुटतं आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. मग ते सगळं घासून काढण्यातच आठवडा जातो. त्यापेक्षा रंगद्रव्य मिसळलेलं, लाकडात मुरणारं तेल बरं. ते सोलत नाही, फक्त विरतं. पुन्हा लावायला हलका घासकागद आणि एक कोरडा दिवस पुरतो. पाण्याचे चार थेंब टाकून बघा: मोती होऊन राहिले तर तेल आहे, शोषले गेले तर वेळ झाली.

सकाळी लवकर लावा. तापलेल्या फळीवर लावलेलं तेल वरच्या वर सुकतं, आत जात नाही. आमच्याकडं गुढीपाडव्याच्या आधीचा महिना यासाठी ठरलेला आहे.

आता जरा गंभीर. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं. चुरगळलेल्या चिंधीत ती कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. काम संपल्यावर हे पोरं विसरतात, म्हणून आमच्या पिकअपमध्ये त्यासाठी झाकणाचा डबाच आहे.

१०. रंग करडा पडला. लाकूड खराब झालं का?

नाही. वरचा कागदाएवढा थर तेवढा. रंग आवडत नसेल तर घासून तेल लावा (प्रश्न ९), आवडत असेल तर राहू द्या. फळीतून बारीक कुसळं निघायला लागली असतील तर मात्र घासाच, लहान मुलं अनवाणी असतात.

११. डेकखाली साप-विंचू होणार नाहीत का? घरचे याच कारणासाठी नाही म्हणतायत.

घरच्यांचं बरोबर आहे. सावली, ओल आणि उंदीर असं तिन्ही एकत्र मिळालं तर नाग, घोणस, मण्यार आणि विंचू येणारच. यावर दोनच मार्ग आहेत. एक तर डेक दीड-दोन फूट उंच घ्या, म्हणजे खाली वाकून खराटा आणि बॅटरी फिरवता येते. नाहीतर चारही बाजूंनी बारीक जाळी जमिनीत चार बोटं गाडून पक्की करा आणि एका बाजूला उघडता येईल असं दार ठेवा. अर्धवट उघडा, सहा इंच उंचीचा डेक सगळ्यात वाईट. खालची जमीन उघडी ठेवू नका, मुरूम ठोकून वर खडी पसरा. आणि धान्याची कणगी, कोंबड्यांचं खुराडं डेकजवळ नको. उंदीर तिथूनच येतात.

१२. गच्चीवर डेक चालेल?

चालेल, पण आधी गच्चीची गळती बंद करा. नंतर फळ्या उचलायला कुणी तयार नसतं. स्लॅबला खिळे-बोल्ट ठोकू नका. वासे पाण्याच्या उताराच्या दिशेनं ठेवा, आडवे ठेवले तर पाणी अडतं. वळवाच्या वादळात सुट्या फळ्या उडतात, त्यामुळे सगळं एकमेकांना बांधलेलं हवं.

१३. एक एकराला कुंपणाचं सामान किती लागेल?

एकरावर हिशोब होत नाही, घेरावर होतो. एकर चौकोनी असेल तर बाजू सुमारे २०९ फूट, घेर ८३५ फूट. पण वाटण्या होऊन होऊन आपली वावरं पट्ट्यांची झालीत. ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टी ही सुद्धा बरोबर एक एकरच, आणि तिचा घेर १,४५२ फूट. म्हणजे तेवढ्याच जमिनीला पावणेदोन पट खर्च. दहा फुटांवर एक पोल धरला तर पहिल्याला ८४, दुसऱ्याला १४५. पाच पदरी काटेरी तारेला घेर गुणिले पाच करा आणि वर थोडी जास्तीची धरा.

काटेरी तार किलोवर मिळते. दर किलोचा न विचारता, किलोला किती मीटर बसते ते विचारा. जाड तारेची किलोला लांबी कमी भरते, आणि स्वस्त वाटलेला माल शेवटी महाग पडतो. सख्ख्या भावांची शेजारशेजारची पट्टी असेल तर एकच घेर मारा आणि मधे फक्त खुणेचे दगड ठेवा. भाऊ बोलत असतील तर.

१४. गेज म्हणजे काय? १० भारी की १४?

आकडा लहान तेवढी तार जाड. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ म्हणजे सुमारे २.६, १४ म्हणजे साधारण दोन. घराच्या प्लॉटला चेन लिंक जाळी १२ गेजची पुरते. जनावरं रेटणार असतील तर १० घ्या. जाडीइतकाच जस्ताचा थर महत्त्वाचा आहे; वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली तार घ्या. नुसता विजेनं दिलेला मुलामा चकचकीत दिसतो आणि लवकर जातो. आपली हवा कोरडी, त्यामुळे कोकणासारखा गंज इथं नाही. इथं तो दोनच जागी लागतो: वेल्डिंगच्या डागावर आणि पोल जमिनीत शिरतो त्या चार बोटांत. दोन्ही ठिकाणी झिंक पेंट लावा.

१५. काम कोणत्या महिन्यात काढावं?

दिवाळी ते संक्रांत. मृगानंतर खड्ड्यात चिखल, आणि एप्रिल-मेमध्ये काळी माती दगड होते, पहारीनं ठिणग्या निघतात. पेरणीला वाफसा बघता तसा खड्ड्यालाही बघा; माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि टाकला की फुटावा. शिवाय मेमध्ये ओतलेलं काँक्रीट पाण्याविना भाजतं. नाइलाजानं उन्हाळ्यात काम काढलंच, तर ओली पोती गुंडाळून निदान दहा दिवस पाणी मारा. तेवढा टँकर दारात येणार नसेल, तर थांबा.

१६. मागच्या वर्षी ताणलेली तार यंदा सैल पडली. माणसांनी फसवलं का?

कदाचित नाही. कोणत्या महिन्यात, किती वाजता ताणली होती ते आठवा. लोखंड तापलं की वाढतं: पहाटेची थंडी आणि मेची दुपार यांत शंभर मीटर तार साधारण पाच सेंटीमीटर लांब-आखूड होते. मेच्या भर दुपारी कडक ताणली तर थंडीत ती कोपऱ्याचा खांब ओढते. डिसेंबरच्या पहाटे जेमतेम ताणली तर उन्हाळ्यात झोळ पडतो. आम्ही हिवाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास ताणतो आणि प्रत्येक लांब बाजूला एक ताण देणारा स्क्रू ठेवतो.

पण कोपऱ्याचा खांबच आत झुकला असेल तर दोष तारेचा नाही. प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी टेकू हवा, आणि सरळ ओळीतही दर दहाव्या पोलला. टेकूवर पैसे वाचवलेलं कुंपण दोन पावसाळ्यांत ओळखू येतं.

१७. फाटक लोंबतं, जमिनीला घासतं.

लाकडी फाटकाची तिरपी पट्टी बघा. ती खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीकडं जायला हवी, म्हणजे वजन खांबाकडं ढकललं जातं. बहुतेक फाटकांना ती उलटी लावलेली असते. तिरपी तार किंवा सळई मात्र ओढून धरते, ती वरच्या बिजागरीपासून खालच्या कडीकडं लावतात. रुंदी आजच्या गरजेवर ठरवू नका. ट्रॅक्टर-ट्रॉलीला दहा फूट पुरतात. सोयाबीनचं हार्वेस्टर आत यायचं असेल तर चौदा-पंधरा ठेवा. शेतातल्या फाटकाखाली वीतभर जागा सोडा, माती पावसात वर येते.

१८. तारेऐवजी झाडांचं कुंपण करता येईल का?

येईल, तीन वर्षं धीर असेल तर. आपल्या हवेत करवंद, सागरगोटा, चिलार, घायपात सगळं येतं. आमचा कौल सागरगोट्याला: काटा असा की शेळीसुद्धा मान फिरवते. बियांचं कवच दगडासारखं आहे. एका बाजूला घासून, रात्रभर भिजवून लावा, नाहीतर महिनोनमहिने कोंब येत नाही. करवंदाचं बी ताजंच लावावं लागतं. मृगाचा पाऊस झाला की दोन ओळींत, फूट-दीड फुटावर, एकाआड एक लावा. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपा आणि उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा तरी पाणी द्या.

शेर लावणार असाल तर त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत, पोरं शेंगदाण्यासारख्या खातात. आणि वेडी बाभूळ कुंपणाला लावू नका. दहा वर्षांनी कुंपण राहतं आणि वावर जातं.

१९. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) थांबतील असं कुंपण कोणतं?

दोघांच्या सवयी उलट्या. डुक्कर खालून घुसतं, रोही आणि हरीण वरून जातं. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून चार-पाच बोटांवर हवी, आणि जमीन जिथं खोलगट आहे तिथं दगड भरा. जाळी असेल तर फूटभर गाडा. रोहीसाठी उंची सहा फुटांच्या पुढं लागते.

धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतात, त्यानं होतं का? होतं, काही आठवडे. फडफड नवीन असते तोवर. मूग भरण्याच्या नेमक्या दिवसांत बांधल्या आणि जागा बदलत राहिलात तर उपयोग आहे. वर्षभर बांधून ठेवल्या तर डुक्कर त्याच साडीखालून जातं.

पात्यांची गोल तार मात्र वावराला लावू नका. एका वस्तीवर तिच्यात अडकलेलं काळवीट सोडवायला गेलो होतो. मालक, मी आणि दोन पोतडी. अर्धा तास लागला, आणि जनावर शेवटी दगावलंच. काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे मालकाला तेव्हा कळलं.

२०. झटका मशीन आणि तारेत लाइट सोडणं, यात फरक काय?

माणूस जगण्या-मरण्याचा. झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, अगदी निमिषभराचा झटका देतं. मधल्या वेळात हात सुटतो. घरच्या किंवा मोटारीच्या लाइनचा करंट सलग असतो, हात धरून ठेवतो. त्यात दरवर्षी माणसं आणि बैल जातात, बरेचदा घरचेच. त्यात कुणी मेलं तर तो गुन्हा आहे, कितीही ‘रात्रीपुरताच’ सोडला असला तरी. मशीन घेताना ते आयईसी ६०३३५-२-७६ या मानकाप्रमाणं आहे का ते विचारा आणि पाट्या लावा. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी सरकारी अनुदान मिळतं, त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

एक अडचण खास आपल्याकडची. झटका जमिनीतून परत मशीनकडं जातो तेव्हाच बसतो. मेमध्ये काळी माती भेगाळून कोरडी झाली की तो रस्ताच तुटतो. मशीन टिकटिक करतं आणि डुक्कर निवांत आत. अर्थिंगचे रॉड ओल लागेपर्यंत खोल घाला, दोन-तीन जागी घाला, उन्हाळ्यात तिथं पाणी ओता. नाहीतर एका आड एक तार अर्थिंगला जोडा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: गवत वाढून तारेला लागतं आणि झटका त्यातच मुरतो. दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत काढा.

२१. बांधावर कुंपण घातलं तर शेजारी तक्रार करू शकतो?

करू शकतो, आणि धुऱ्याची भांडणं आपल्याकडं नातवंडांपर्यंत चालतात. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या, खुणा शेजाऱ्यासमोर रोवा, मगच खड्डे मारा. पोल सामाईक बांधावर न घेता आपल्या हद्दीत घ्या, आणि टेकूही आपल्याच बाजूला. पोल आत आणि टेकूचा पाय पलीकडं, यावरून झालेली भांडणं पाहिली आहेत. बांधावरून कुणाची वहिवाट असेल तर ती बंद करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, आणि मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला जुना रस्ता मोकळा करायला लावू शकतात. पाण्याचा नैसर्गिक ओघ अडवला तरी तेच.

२२. आमच्याच वावरातला साग तोडून डेक केला तर?

झाड तुमचं असलं तरी आधी परवानगी लागते. महाराष्ट्रातल्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडं आहेत. खाजगी जमिनीवरच्या बांबूचं सोपं झालंय: २०१७ च्या दुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमाच्या ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला.

२३. सगळे पोल ठीक आहेत, पण एकच पोल दर पावसाळ्यात वर येतो. दोनदा ठोकून बसवला. का?

तो पोल बहुधा पाणी साचतं त्या जागी आहे, किंवा त्याचं काँक्रीट वर रुंद झालंय (प्रश्न ४). ठोकून बसणार नाही. दर वर्षी माती फुगताना त्याला उचलते, आणि सुकताना मोकळ्या झालेल्या तळात भेगेतून माती गळून पडते. त्यामुळे तो परत खाली जातच नाही, दर साली बोटभर वर. उपटून काढा, सोबत वाटीसारखा काँक्रीटचा गोळा येईल, त्याचा आकार बघितला की कारण कळेल. मग खड्डा फूटभर आणखी खोल घ्या, तळ पहारीनं तिरका खोदून रुंद करा, काँक्रीट फक्त खालच्या निम्म्यात घाला आणि वर मुरूम भरा. माती पोलाकडं चढती ठेवा म्हणजे पाणी बाहेर जाईल. हे काम दिवाळीनंतरच. तोवर त्या पोलाची तार सोडून ठेवा, नाहीतर तो शेजारचे दोघंही उचलेल.